जुन्या बुलेटचे पेट्रोल अडते कुठे?



एप्रिल उजाडला, दोन-चार दिवस ऊन पडले की आपल्यातल्या काही घरांच्या गॅरेजमधून किक मारल्याचा आवाज यायला लागतो. एक किक, दुसरी किक, दहावी किक, आणि मग शांतता. ऑक्टोबरमध्ये झाकून ठेवलेली गाडी काही केल्या सुरू होत नाही. मग फोन येतो, "अहो, कार्ब्युरेटर खोलू का?" माझे उत्तर बहुतेक वेळा "अजून नको" असेच असते. ते का, हे एकदा नीट लिहून काढावे म्हणून हा लेख.

उदाहरण म्हणून मी बुलेट घेतली आहे, कारण इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींकडे हीच गाडी जास्त दिसते. रेडिचला जन्मलेली, १९५५ पासून मद्रासला वाढलेली आणि १९७७ पासून पुन्हा ब्रिटनला निर्यात होऊ लागलेली ही गाडी. २००८-०९ नंतर निर्यातीच्या गाड्यांवर फ्युएल इंजेक्शन आले. त्याआधीच्या ३५० ला बहुधा मिकार्बचा व्हीएम-२४ आणि ५०० ला व्हीएम-२८ कार्ब्युरेटर असतो. मिकार्ब म्हणजे जपानी मिकुनीचीच भारतीय बहीण. त्यामुळे खाली लिहिलेले बरेचसे जुन्या यामाहा-सुझुकीलाही लागू पडते.

हात लावण्याआधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते. इंग्लंडमधल्या पुष्कळ घरांत गॅसचा बॉयलर गॅरेजमध्येच असतो, अमेरिकेत पाणी तापवायची गॅसची टाकी असते. गाडी या कोपऱ्यात आणि ज्योत त्या कोपऱ्यात, म्हणून निर्धास्त राहू नका. टाकी किंवा कार्ब्युरेटर उघडायचा तर गाडी बाहेर, उघड्यावर घ्या. इंजिन थंड असू द्या. बॅटरीची तार काढा. फोम किंवा पावडरचे आग विझवायचे नळकांडे हाताशी ठेवा, पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचे नसते. मुलांना मदतीला घ्यायचे तर पाने पुसायला द्या, पेट्रोलचे भांडे धरायला नको.

दुसरे म्हणजे, बाहेर थंडी आहे म्हणून शटर ओढून आत इंजिन चालवू नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. शटर अर्धे उघडे ठेवले तरी ते पुरेसे नाही.

पहिला प्रश्न प्लगला विचारा

आठ-दहा किका मारून झाल्या की प्लग काढून बघा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही. ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे, पण ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल गरजेपेक्षा जास्त येऊन गाडी ओव्हर झाली आहे. या एका तपासणीने अर्धे काम होते आणि तिला पाच मिनिटे लागतात. तरीही आपण आधी स्क्रूड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवायला बसतो, आणि मग मूळ बिघाड एकीकडे आणि आपण केलेला बिघाड दुसरीकडे, असे दोन होतात.

ठिणगी बघताना प्लग सिलिंडरच्या भोकापासून दूर धरा. त्या भोकातून पेट्रोलचा फवारा बाहेर येत असतो.

प्लग ओला असून ठिणगी पिवळी, मरगळलेली असेल तर तो कार्ब्युरेटरचा दोष नव्हे. पॉइंट असलेल्या जुन्या गाडीत पॉइंटवर चढलेला मळ, गेलेला कंडेन्सर आणि उतरलेली बॅटरी ही तिन्ही सोंगे पेट्रोलच्या बिघाडासारखीच दिसतात. गाडी थंड असताना उत्तम चालते, तापली की फटाके मारत बंद पडते, असे असेल तर मी आधी कंडेन्सरवर संशय घेतो.

टाकीपासून खाली चला

पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोचत नसेल तर त्याच्या वाटेने वरून खाली यायचे. टाकीचे झाकण, टाकी, कॉक, पाईप, फ्लोटची वाटी आणि शेवटी जेट. एका वेळी एकच गोष्ट तपासायची आणि ती बघून झाल्याशिवाय पुढे जायचे नाही. बुलेटला पेट्रोलचा पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरते. त्यामुळे वाटेतला छोटा अडथळाही तिला जाणवतो.

झाकणाची गोष्ट सांगतो, कारण तिने माझा अख्खा उन्हाळा खाल्ला. गाडी सुरू व्हायची, आठ-दहा मैल छान पळायची आणि मग गचके देत थांबायची. रस्त्याच्या कडेला दहा मिनिटे उभे राहिले की पुन्हा सुरू. मी प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्ब्युरेटरचे नवे किट टाकले. एकदा ट्रक अंगावरून जावेत अशा रस्त्यावर, वळणाच्या तोंडाशी ती बंद पडली आणि त्या दिवशी गाडी विकायचेच ठरवले होते. कडेला लावून पेट्रोल बघायला झाकण उघडले तर 'फुस्स' करून हवा आत गेली. झाकणाला हवा आत जाण्यासाठी एक बारीक वाट असते. मी हौसेने क्रोम चकचकीत केले होते आणि पॉलिशने ती वाट बुजली होती. हवा आत गेली नाही तर पेट्रोल बाहेर कसे येणार? तांब्या उपडा करून पाण्यात धरल्यासारखी अवस्था. साबणाचे गरम पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश, एवढाच खर्च आला.

तेव्हा काही मैलांनी बंद पडणारी, थांबल्यावर पुन्हा सुरू होणारी गाडी असेल तर बंद पडलेल्या क्षणी झाकण उघडून बघा. लगेच चालू झाली तर दोष सापडला.

आता टाकी. थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि दहा मिनिटे स्थिर ठेवा. ताजे पेट्रोल स्वच्छ असते आणि त्याचा वास नाकात झोंबतो. शिळ्या पेट्रोलला वॉर्निशसारखा जडसर वास येतो आणि रंग गडद होतो. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. तांबूस गाळ असेल तर टाकी आतून गंजते आहे, आणि मग जेट कितीही वेळा साफ करा, महिन्याभरात पुन्हा तेच. हे जुने पेट्रोल गटारात किंवा बागेत ओतायचे नाही. कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्राला आधी फोन करून विचारा, सगळी केंद्रे ते घेत नाहीत.

कॉकला आतून दोन नळ्या असतात, एक उंच आणि एक आखूड. 'ऑन'वर गाडी बंद पडते आणि 'रिझर्व्ह'वर चालते, तर पेट्रोल कमी आहे किंवा उंच नळीची जाळी चोंदली आहे. उलट, मुख्य वाटेवर व्यवस्थित चालणारी गाडी रिझर्व्हवर घेताच गचके देऊ लागली, तर तळाचा गाळ खाली आला. प्रवाह बघायचा तर कार्ब्युरेटरकडचे पाईपचे टोक काढा, बरणीत धरा आणि कॉक उघडा. सलग धार यायला हवी आणि ती टिकायला हवी. सुरुवातीला जोरात येऊन मग थेंब थेंब होत असेल तर पुन्हा झाकणाकडे या.

कॉकच्या खाली लोक हौसेने फिल्टर बसवतात. पंप असलेल्या मोटारीचा कागदी फिल्टर इथे चालत नाही, तो वजनावर उतरणारे पेट्रोल अडवतो. पाईपही मधेच कमानीसारखा वर जाऊन खाली येत असेल तर तिथे हवेचा बुडबुडा अडकतो. सरळ उताराने खाली येणारा, शक्य तितका आखूड पाईप उत्तम.

फ्लोट, निडल आणि वास

कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत पेट्रोल ठराविक पातळीला राहावे म्हणून फ्लोट असतो. घरच्या संडासाच्या टाकीतला चेंडू करतो तेच काम. पातळी वर आली की फ्लोट एक बारीक निडल वर ढकलतो आणि पेट्रोल बंद होते. निडलखाली कचरा अडकला किंवा तिच्या टोकाला झिजून कडे पडले की पेट्रोल थांबत नाही. ओव्हरफ्लोच्या नळीतून ते जमिनीवर गळते, किंवा गुपचूप इंजिनात उतरते.

तात्पुरता उपाय म्हणजे कॉक बंद करून वाटीला स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच टकटक करणे. कचरा असेल तर सुटतो. सुटला नाही तर वाटी उघडून निडल भिंगाखाली बघा. टोकाला गोल खाच दिसत असेल तर बदला. फ्लोट कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल खळखळले तर त्याला भोक आहे आणि तो बुडतो आहे.

रात्रभर पेट्रोल गळले असेल तर सकाळी किक मारण्याआधी इंजिनचे ऑईल बघा. ऑईलला पेट्रोलचा वास येत असेल, किंवा ते पातळ होऊन पातळी वाढलेली दिसत असेल, तर ऑईल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. पेट्रोलने पातळ झालेल्या ऑईलवर बेअरिंग टिकत नाहीत. वाटेतल्या चुकांत ही सर्वांत महाग. म्हणून गाडी उभी केली की कॉक बंद, मग दहा मिनिटांसाठी दुकानात जायचे असले तरी. आपल्याकडचे जुने मेकॅनिक यावरून ओरडायचे, ते उगीच नाही.

जपानी गाड्यांपैकी काहींना आपोआप बंद होणारा कॉक असतो. इंजिनच्या ओढीने आतला पडदा उघडतो. तो पडदा फाटला की ओढीच्या बारीक नळीतून पेट्रोल सरळ इंजिनात जाते. ती नळी काढून बघा, आतून ओली असेल तर कॉकचे किट बदला.

चोक आणि ॲक्सिलरेटर

मिकार्बचा चोक म्हणजे हवा अडवणारे झाकण नव्हे. तो एक वेगळा छोटा मार्ग आहे, जादा पेट्रोल देणारा. आणि तो नीट काम करतो ते ॲक्सिलरेटर पूर्ण बंद असतानाच. चोक ओढून वर मूठ पिळत किक मारायची सवय आपल्यापैकी अनेकांना आहे (मलाही होती). मूठ उघडली की चोकची ओढ जाते. थंड गाडीला चोक, मूठ सोडलेली आणि शांतपणे दोन-तीन किका. गाडी ओव्हर झाली असेल तर उलट करायचे: कॉक बंद, चोक बंद, मूठ पूर्ण उघडी, आणि चार-पाच किका मारून आतले पेट्रोल बाहेर काढायचे.

कोणता जेट? मुठीवर चिकटपट्टी लावा

गाडी सुरू होते पण नीट चालत नाही, तेव्हा दोष कुठल्या मार्गात आहे हे मुठीवरून कळते. हॅंडलच्या फिरत्या मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्थिर भागावर चिकटपट्टी लावा, पूर्ण बंद, पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण उघडी अशा खुणा करा. मग रिकाम्या रस्त्यावर नेऊन बघा कुठल्या खुणेवर ती अडखळते.

बंद ते एक-अष्टमांश उघडीपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रूचे राज्य. तिथून पावपर्यंत स्लाईडच्या कापाचे. पाव ते पाऊण लटकणाऱ्या लांब निडलचे आणि त्यापुढे मेन जेटचे. हे मार्ग एकमेकांत थोडे मिसळतात, पण खूण पुरेशी स्पष्ट असते. हिवाळ्यानंतरच्या गाडीत दहापैकी आठ वेळा दोष पायलट जेटचा निघतो. त्याचे भोक सर्वांत बारीक, आणि वाटीतले पेट्रोल महिनोन्महिने उडून गेले की मागे डिंकासारखा थर उरतो तो तिथेच बसतो. लक्षण ठरलेले: चोकवर चालते, चोक काढला की मरते.

एअर स्क्रूला हात लावण्याआधी तो हलक्या हाताने आत बसवून किती फेरे लागले ते मोजा आणि लिहून ठेवा. व्हीएम जातीत हा स्क्रू हवेचा आहे. बाहेर काढला की हवा वाढते, आत घेतला की पेट्रोलचे प्रमाण वाढते. दीड फेरा बाहेर ही सुरुवातीची चांगली जागा. तीन फेरे बाहेर काढूनही फरक पडत नसेल, किंवा पूर्ण आत घेतल्यावरच गाडी बरी चालत असेल, तर स्क्रू फिरवणे थांबवा. जेट तरी चोंदला आहे किंवा कुठून तरी चोरटी हवा शिरते आहे.

चोरट्या हवेचे लक्षण म्हणजे मूठ सोडली तरी इंजिनची रेस लवकर खाली येत नाही. कार्ब्युरेटर आणि इंजिनच्या मधला रबरी तुकडा भेगाळलेला असतो किंवा त्याची क्लिप सैल असते. काही लोक तिथे कार्ब्युरेटर क्लीनर फवारून बघतात. तापलेल्या इंजिनावर तो पेटू शकतो. मी झाडांना पाणी मारायचा स्प्रे वापरतो. पाणी पडल्यावर इंजिनचा आवाज बदलला की भेग तिथेच.

जेट साफ करताना लोखंडी तार घालू नका. जेट पितळेचा असतो, तारेने भोक मोठे होते आणि ते डोळ्याला दिसत नाही, फक्त पेट्रोलच्या बिलात दिसते. क्लीनरमध्ये भिजवा, नायलॉनचा केस किंवा दाबाची हवा वापरा, उजेडाकडे धरून आरपार गोल भोक दिसते का बघा. डोळ्यांना चष्मा हवाच, क्लीनरचा फवारा एका भोकातून शिरून दुसऱ्यातून थेट तोंडावर येतो. रबरी भाग आधी काढून ठेवा. स्क्रूंना जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर लागतो. नेहमीचा फिलिप्स त्यात बसल्यासारखा वाटतो आणि डोके सोलून काढतो.

इथेनॉलचे काय?

ग्रेट ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधे ९५ ऑक्टेन पेट्रोल ई-१० झाले, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ९७ च्या वरचे सुपर पेट्रोल ई-५ राहिले, आणि जुन्या गाड्यांना तेच सुचवले जाते. लिटरमागे काही पेन्स जास्त पडतात, पण बुलेट वर्षाला पितेच किती? अमेरिकेत बहुतेक पंपांवर ई-१०च मिळते. इथेनॉल नसलेले पेट्रोल काही पंपांवर आणि बोटींच्या धक्क्यावर मिळते.

इथेनॉलचा त्रास तीन प्रकारचा. ते हवेतले पाणी ओढून घेते. ई-१० पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी पोटात ठेवू शकते, त्यापुढे इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी वेगळे बसते, आणि कॉक तर तळाशीच. दुसरे, जुने रबर फुगते किंवा तडकते आणि काही टाक्यांना आतून दिलेले जुने लेपही सोलून निघतात. पाईप बदलायचा तर ज्यावर एसएई जे-३० आर-९ छापले आहे असा घ्या. तिसरे, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण थोडे हवेकडे झुकते. थंडीत सुरू व्हायला त्रास आणि मध्यम वेगाला किंचित अडखळणे. फारच जाणवले तर लटकत्या निडलची क्लिप एक खाच खाली घ्यावी. निडल वर येते, पेट्रोल थोडे वाढते. पण हा उपाय बाकी सगळे ठीक असल्याची खात्री झाल्यावरच. माझ्या मते लोक इथेनॉलला जरुरीपेक्षा जास्त दोष देतात. चालती गाडी ई-१० वर चालते, उभी गाडी त्यावर खराब होते.

म्हणून हिवाळ्याची तयारी. ताज्या ई-५ ने टाकी गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत हवा कमी आणि गंज कमी. स्टॅबिलायझर घालायचे तर आत्ताच घाला आणि गाडी दहा मिनिटे चालवा. मग कॉक बंद करून वाटीच्या तळाचा स्क्रू सोडा आणि वाटी पूर्ण रिकामी करा. हे शेवटचे काम केले तर एप्रिलमधले निम्मे फोन येणार नाहीत. दर पंधरा दिवसांनी पाच मिनिटे इंजिन चालवण्याने मात्र भले होत नाही. ते पुरेसे तापत नाही आणि ऑईलमध्ये व सायलेन्सरमध्ये पाणी साठते. जादा पेट्रोल साठवायचे तर ब्रिटनमध्ये घरी ३० लिटरपर्यंत परवानगी न काढता ठेवता येते, तेही योग्य डब्यांत. प्लॅस्टिकचा डबा १० लिटरचा, धातूचा २० लिटरचा, आणि राहत्या खोल्यांत अजिबात नाही.

गावी उभी असलेली गाडी

पुण्या-कोल्हापुरात भावाच्या पार्किंगमध्ये आपली जुनी बुलेट किंवा आरएक्स १०० उभी असते आणि डिसेंबरात तीन आठवड्यांच्या सुट्टीत ती चालवायची असते. भारतात २०२३ पासून ई-२० विकले जाऊ लागले आणि आता ते सर्वत्र आहे. त्यावर पावसाळ्याचे चार महिने. निघताना टाकीत राहिलेले पेट्रोल पुढच्या डिसेंबरपर्यंत तसेच ठेवू नका. भावाला सांगून ते काढून त्याच्या चालत्या गाडीत टाका आणि वाटी रिकामी करा. रिकामी लोखंडी टाकी मात्र पावसाळ्यात गंजते, तेव्हा आतून थोडे ऑईल फिरवून ठेवा आणि पुढच्या वेळी पेट्रोलने विसळून घ्या. पोचल्यावर पहिल्याच दिवशी पाईप दाबून बघा, कडक किंवा लिबलिबीत लागला तर लगेच नवा टाका.

कार्ब्युरेटरचे किट पुण्यात नाना पेठेत स्वस्तात मिळते आणि बॅगेत घालून इकडे आणावेसे वाटते. आणा, पण जुने पितळी जेट फेकू नका. स्वस्त किटमधल्या जेटवर आकडा एक छापलेला असतो आणि भोक भलतेच असते. जुना जेट चांगला असेल तर तोच साफ करून बसवा, किटमधले फक्त पॅकिंग आणि निडल वापरा. आणि वापरलेला कार्ब्युरेटर विमानाने आणणार असाल तर विमान कंपनीला आधी विचारा. ज्यात पेट्रोल होते तो भाग पूर्ण रिकामा, धुऊन वाळवलेला आणि वासरहित नसेल तर धोकादायक माल म्हणून बाजूला काढतात. कोरा, पाकीटबंद असेल तर पावती सोबत ठेवा.